मनगट ते जमीन

पुण्याच्या मुलानं फोनवर सांगितलं:
जुने क्लब आणा, पुसू नका.
रोजचेच बूट, रोजचाच ग्लोव्ह.
आदल्या दिवशी शंभर चेंडू मारत बसू नका,
दमलेलं अंग खोटं बोलतं, मॅडम.
आणि सात नंबरनं चेंडू किती लांब जातो ते लिहून ठेवा.
खरं लिहा.

मी लिहिलं, एकशे दहा यार्ड.
मग खोडलं.
एकशे दहा एकदाच गेला होता, देवळालीला,
वारा पाठीशी होता
आणि कर्नलसाहेबांची बायको बघत होती.
इथं मिरजेत, कृष्णाघाटाच्या वाटेवर
ऊस तुटून गेलेल्या फडात
मी पावलांनी मोजते.
ऐंशी. बऱ्या दिवशी पंच्याऐंशी.
फडमालकाचं कुत्रं आधीच जाऊन बसतं बरोबर त्या जागी,
एक पाऊल इकडं नाही की तिकडं.

राहिलं एकच माप,
मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत.
ते एकटीला घेता येत नाही.
वाकलं की बदलतं
आणि न वाकता दिसत नाही.

टेप घेऊन गल्लीच्या टोकाला गेले.
दस्तगीरभाई भोपळ्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून
कानोसा घेत होते.
कसलं माप, का, काही विचारलं नाही.
हात पुसले, चष्मा कपाळावर चढवला.
"सोडा हात. सैल.
सैल म्हटलं की ओ बाई, सलामी देताय व्हय?"

तीस वर्षं मिलिटरी नर्सिंग. मेजर रूथ शेलार.
हात आपोआप शिवणीला चिकटतो.
मीही हेच म्हणायचे त्या पोरांना,
एक पाय असलेल्या, विशीतल्या.
हात सैल सोड, बेटा.
कुबडीची मूठ मनगटाच्या घडीला यावी लागते,
आणि बगलेखाली दोन बोटं जागा.
एवढं नेमकं मोजायचे मी,
आणि ती पोरंसुद्धा
ताठ, अटेन्शनमध्ये.

तिसऱ्या खेपेला हात सुटला.
"तेहेतीस," दस्तगीरभाई म्हणाले, "आणि वर एक सूत."

मग माझा सात नंबर उचलून उजेडाला धरला,
जुनी सतार दुरुस्तीला आली की धरतात तसा.
पकडीवर दोन इंच खाली गुळगुळीत डाग.
खालचं लोखंड टाचेकडंच घासलेलं.
"ह्ये कुणाचं?"
कर्नलसाहेबांचं. बदली झाली तेव्हा देऊन गेले.
"उंची?"
सहा फूट दोन.
"आणि तुम्ही?"
बावीस वर्षं.
त्यांनी उंची विचारली होती,
मी वर्षं सांगितली.

"तंबोऱ्यात मर्दानी असतोय, जनानी असतोय.
ह्यात नसतंय का जनानी?"
असतं की. तेही मला पुरत नाही.
दुकानात बघितलंय,
गुलाबी पट्टा आणि काडीसारखा दांडा.
ते हसले. "मग मापाचंच."
आणि पुन्हा भोपळ्यात हात घातला.

मापाचं.
गणवेश स्टोअरमधून यायचा.
सहा नंबरचे बूट संपलेत, सिस्टर, सात घ्या,
पुढं कापूस भरा.
कापूस तर काय, वॉर्डभर होता.
भरला.

सकाळच्या कोयनेचं तिकीट पर्समध्ये.
क्लब पुसायला फडकं उचललं
आणि ठेवून दिलं.
फडाची काळी माती खाचांत तशीच राहू दे.
ग्लोव्हच्या तळव्याला भोक आहे, तेही.
दाराशी बूट लावले.
बहिणीचा फोन आला, म्हणाली, या वयात?
मी म्हटलं, इडलीचं पीठ फ्रीजमध्ये ठेवायचंय,
मग बोलू.

कागदावर लिहिलं:
सात नंबर, ऐंशी यार्ड.
मनगट ते जमीन, तेहेतीस इंच एक सूत.

पुण्याच्या त्या मुलाला
सूत कळतं की नाही कोण जाणे.
इंचाचा आठवा भाग, असं कंसात लिहायला घेतलं,
मग पेन बंद केलं.
विचारेल तर सांगेन.