चेहरा क्रमांक चार

वर्कशीटवर सहा गोल चेहरे.
उजवीकडे आनंद, राग, भीती, दुःख
असे शब्द रांगेत उभे, प्रार्थनेला उभे राहतात तसे.
योग्य जोड्या लावा. वेळ वीस मिनिटं.
चौथ्याचं तोंड म्हणजे नुसती आडवी रेघ.
उत्तरपत्रिकेत त्याच्यापुढे लिहिलंय : शांत.

पाचपावलीतली शाळा, तिसरी ब.
पोळा होऊन आठवडा झालाय
आणि उकाडा असा की पंख्याखालची पोरंसुद्धा
वहीनं वारा घेतायत.
मंथन हेडाऊचा लाकडी बैल अजून दप्तरातच आहे,
एक शिंग मोडलंय, तरी रोज शाळेत येतो.

मी फळ्यावर भुवया वाकड्या काढते. हा कोण?
"राग!" अख्खा वर्ग.
"पण मॅडम," मंथन म्हणतो,
"माहे बाबा चिडले का असं तोंड नाही करत.
गाडी पुसते.
पुसलेलीच गाडी पुसते. मडगार्डच्या आतून पन."

खडू हातातच राहतो.
अर्शदची फुप्पी खूश असली
की दिसेल त्याला रागावते, अजून जेवला नाहीस म्हणून.
आणि एकीच्या घरी टीव्हीचा आवाज वाढला
की समजायचं, आतल्या खोलीत कुणीतरी रडतंय.
हे ती इतक्या सहज सांगते
जसं काही शेजारच्या दुकानाचा पत्ता.

मग मागच्या बाकावरून, हळूच :
"तुम्ही रागात असल्या ना मॅडम,
तर बांगड्या कोपरापर्यंत सारता.
आम्ही तवाच गप बसतो."

मी पाहते. बांगड्या कोपराशी.
मला तर वाटलं होतं, मी आज बरी आहे.
सकाळी गॅस संपला, दोन शब्द झाले,
ते दोन्ही शब्द मी जिन्यातच ठेवून आले होते.
हाताला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

एवढ्यात तृषाली पराते उठते.
आज तिसऱ्यांदा टोक मोडलं.
कचऱ्याचा डबा दाराशी, म्हणून शार्पनरही दाराशी.
सोमवारी मी याला मस्ती म्हटलं.
मंगळवारी पेन्सिल काढून घेतली,
तर बुधवारी तिनं दुसरी आणली.
वर्कशीट कोरं. चेहरा क्रमांक चार.

आज मी तिच्यामागे दारापर्यंत गेले.
मैदानापलीकडे बालवाडीची खिडकी,
गज धरून उभा असलेला एक छोटा पोट्टा,
नाक वाहतंय, ओठ कधीही फुटेल असा.
तृषालीनं हात हलवला नाही.
पेन्सिल उंच धरली फक्त.
त्यानं पाहिली. खाली बसला.

"त्याले सांगून ठेवलं हाय मी.
पेन्सिल दिसली म्हंजे मी हाय."
आई मेडिकलमध्ये भरती आहे.
कधीपासून गं?
"मारबत निघाली त्या दिवशीपासून."
मग टोक तपासत, माझ्याकडे न बघता :
"मारबत सारं दुखणं घेऊन जाते ना मॅडम?
आमच्या गल्लीतून गेलीच नाही का ती?"

बी.एड.ला मला बालमानसशास्त्रात
अठ्ठावन्न गुण होते.

मी काही बोलले नाही.
तिचं बाक ओढलं, दारापर्यंत,
फरशीवर एवढा आवाज झाला की
दुसरी अ मधून कुणीतरी डोकावलं.
पोरांनी मला नीट पाहून घेतलं,
बांगड्यांपासून पायापर्यंत,
आणि एकानंही विचारलं नाही, कावून म्हणून.

थोड्या वेळानं मंथन उठला,
दप्तरात हात घातला,
बैल तिच्या बाकावर ठेवला,
मोडकं शिंग भिंतीकडे करून,
आणि परत जाऊन
कोणती रेघ कुठे जोडायची
ते बघत बसला.