पिवळी पट्टी

पहाटे पाच चाळीसला मोशीच्या चौकात
कंपनीची बस थांबते, पुरती थांबत नाही.
आम्ही चढतो.
गळ्यात कार्डं. निळी पट्टी ज्यांची, ते कायम.
आमची पिवळी.
लांबूनच कळावं म्हणून असेल,
कुणाला नाव विचारायचं आणि कुणाला नंबर.

मी वायरिंगच्या लाइनीवर, तिसरं टेबल.
लाल, काळी, हिरवीवर पांढरी रेघ,
बावन्न सेकंदांत एक जुडगा.
डोळे मिटूनही जमतं.
कागदावर मात्र मी अजून शिकतेय.
चार वर्षं शिकतेय.
अकरा महिने शिकून झालं
की एक महिना घरी बसून विसरायचं,
मग नवा फोटो, नवं कार्ड,
आणि फॉर्मवर 'पूर्वानुभव' समोर आडवी रेघ.
ती सुपरवायझर स्वतः मारतात,
पट्टी लावून, सरळ.

एकदा शिवाजीनगरला नेलं होतं आम्हाला,
थंडगार सभागृहात.
पडद्यावर जगाचा नकाशा, देशोदेशी ठिपके,
एका ठिपक्यात आमच्यासारखे किती लाख
ते बाई छान समजावत होत्या.
'सन्मानाचं काम' त्या सात वेळा म्हणाल्या.
मी मोजलं. मोजायची सवय.
मला विचारायचं होतं,
सन्मानात तापाची सुट्टी धरतात का?
पण माइक पहिल्या दोन रांगांतच फिरत राहिला,
समोसे आले, गरम होते,
आणि सहाची बस होती.

काल नवी बॅच आली.
माझ्या टेबलाला दिला सौदागर म्हेत्रे,
उमरग्याचा, आयटीआय झालेला,
पट्टीची घडीसुद्धा मोडली नव्हती त्याच्या.
वायर बोटांना टोचत होती. मी दाखवलं:
ढकलायची नाही रे, बसवायची.
टक्कन आवाज आला पाहिजे.
आला.
हसला. म्हणाला, ताई, तुम्ही परमनंट ना?

मशीनचा आवाज होता,
त्यामुळे उत्तर न देणं सोपं गेलं.

माझे राहिलेत तेवीस दिवस.
त्याचा हात बसायला लागतील वीस.
हिशेब कुणीतरी फार नीट केलाय.

तरी शिकवतेय. हात बसणं काही
कंपनीच्या मालकीचं नसतं.
आणि वरचे तीन दिवस आहेतच.
त्यांत सांगेन त्याला,
पगाराची पावती दर महिन्याला मागून घे,
नाही म्हणाले तरी माग,
आणि कार्ड परत देण्याआधी
दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेव.

मी पहिल्या तिन्ही वेळी काढला नव्हता.