हवेची बाजू

मानेवाड्यात दुसरा मजला, वर उघडा स्लॅब,
मे महिना, पारा सत्तेचाळीसला टेकलेला.
टेबलावर दोन कॉम्प्युटर, सीताबर्डीच्या एकाच दुकानातले,
पावतीवर लागोपाठचे नंबर.

डावीकडे ‘नाग’, लांजेवारांच्या पोरानं लिहिलेला,
रागीट, प्यादी उधळत सुटणारा.
उजवीकडे ‘गोरेवाडा’, प्रणोती गणवीरचा,
तळ्यासारखा. हलत नाही, खोल आहे.
पंच मी,
कारण तेवीस वर्षं विजेचे मीटर तपासले
आणि दोघांच्याही नात्यातला नाही.

अटी मी वहीत लिहिल्या, समास सोडून.
मेमरी दोघांना सारखी,
पंगतीत ओळखीच्याला बुंदी जास्त पडते तशी नाही.
पाठ केलेल्या सुरुवाती बंद.
समोरचा विचार करत असेल तेव्हा
आपण विचार करायचा नाही
(ही अट माणसाला घालून पाहा).
आणि प्रत्येक सुरुवात दोनदा,
एकदा याला पांढरी, एकदा त्याला,
कारण पहिली चाल हीसुद्धा इस्टेट असते,
वाटणी करावी लागते.

पन्नास डाव झाले.
नाग साडेएकतीस, गोरेवाडा साडेअठरा.
लांजेवार तर्री-पोहे घेऊन आला.
प्रणोतीनं खाल्ले, तर्री न घेता.

तेवढ्यात बेबीताई बादली घेऊन आली
कूलरमध्ये पाणी टाकायला.
पटाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.
म्हणाली, “हवा कोणाकडे जाऊन राहिली, पाह्यलं का?”

मी डाव्या डब्यामागे हात नेला: गार.
उजव्यामागे नेला आणि ओढून घेतला.

तापला की प्रोसेसर बोंबलत नाही.
चूकही करत नाही.
मुकाट्यानं पावलं आवरतो,
आणि तेवढ्याच मिनिटांत
थोडं कमी लांबचं पाहतो, एवढंच.
निकालपत्रकात ते दिसत नाही,
तिथे तो फक्त हरलेला दिसतो.

मी रंग बदलले होते. जागा बदलल्या नव्हत्या.
तेवीस वर्षं मीटर तपासले मी.

“तुले कसं समजलं?”
“मी त्याच बाजूले बसत होती नं,” ती म्हणाली
आणि बादली पुन्हा भरायला गेली.

एकोणनव्वद साली घरात एकच कूलर होता.
त्याच्यासमोर माझं टेबल,
त्याच्या मागे, दाराआड, ताईची चटई.
मधूनमधून उठून वाळ्याच्या ताट्या भिजवणं तिच्याकडे.
घोडा अडीच घरं चालतो
हे मला तिनं शिकवलेलं, पाटीवर.
मला एक्क्याऐंशी टक्के पडले, तिला अठ्ठावन्न.
बाबांनी तो आकडा पाहुण्यांना
पुढची वीस वर्षं सांगितला.
बाजू बदलून तो सामना
परत कोणी लावला नाही.

पन्नासच्या पन्नास डाव मी लाल पेननं खोडले.
पोरगा भांडला. भांडू दिलं.
डबे भिंतीपासून सारखे दूर ओढले,
कूलरचं तोंड फिरवलं,
दर दहा डावांनी जागा बदलायच्या, हे वरून लिहिलं.
दोनशे डाव, बहुतेक रात्री,
मधे दोनदा लाइट गेली, ते डाव बाद.

शुक्रवारी एकशे एक, नव्याण्णव.
“मंजे माहाच भारी!” लांजेवार.
मी म्हटलं, बापा, दोनशेत दोन म्हणजे काहीच नाही,
एवढी सुई तर कोणी दार आपटलं तरी हलते.
प्रणोती पहिल्यांदा हसली.
कोण सरस, ते अजून मला माहीत नाही.

कूलर आता रिकाम्या खुर्चीकडे वाहत होता.
बेबीताई येऊन बसली, पाय वर घेऊन,
पदरानं मान पुसत.
बराच वेळ पडद्याकडे पाहून म्हणाली,
“याचा घोडा अडकला.”

मशीनला ते कळायला
अजून चार चाली गेल्या.

मी वही उघडली.
यासाठी रकाना आखलेला नव्हता.