दम

कुशिरोवर धुकं उतरलं की बंदराचा भोंगा सुरू होतो.
सानमा मासळीचा आमचा कारखाना तेव्हा
अर्धा दिसतो, अर्धा वासानं कळतो.

जेवणाच्या सुट्टीत बाकड्यावर चौघं,
चौघांच्या हातात चार छोटे पडदे.
शुन्ताकडे लांब तलवार, मासुमीकडे धनुष्य,
हातोडा ओदागिरीनं कधीच पळवलेला.
मी उशिरा आले. उरलं ते घेतलं:
भाला, आणि दाराएवढी ढाल.

"म्हाताऱ्यांचं हत्यार," शुन्ता हसला.
पॅकिंगमधले तोकुजी-सान,
ज्यांचं ते खरोखरच हत्यार होतं,
चहा पीत राहिले.

पहिले दोन महिने मी नुसती मेले.
चिखलातून गोंदोरा उठायचा,
डोक्यावर उपटलेल्या झाडासारखं शिंग,
आणि मी पाठ फिरवून पळायचे.
"कपाट पाठीवर घेऊन कोणी पळतं का?"
एवढंच बोलले तोकुजी-सान.
पुढचं वाक्य आठवड्यानं आलं:
"तोंडाकडे बघू नकोस, कानाए.
डरकाळी काय, कोणीही फोडतं.
पाय बघ."

मग मी पाय बघितले.
डावा मागचा पंजा चिखलात रुततो,
खांदा किंचित खचतो,
आणि मग, एक श्वास जाईल एवढ्या वेळानं,
अख्खा डोंगर अंगावर येतो.
त्या श्वासाच्या टोकाला ढाल.
आधी नाही. नंतर तर नाहीच.
ठिणग्या उडतात, टाचा वीतभर मागे घसरतात,
आणि त्याच धक्क्याच्या जोरावर भाला पुढे:
एक, दोन, तीन.
"चौथा वार हावरटाचा," तोकुजी-सान म्हणायचे.
माझ्या मागे शुन्ता निवांत औषध प्यायचा.
त्याला कधी कळलं नाही
तो का जिवंत आहे ते.

पण एक गोष्ट शिकायला हिवाळा गेला.
पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी पट्टी असते, दमाची.
ढाल धरून बसलं की ती भरत नाही.
मी धरूनच बसायचे.
तिसऱ्या धडकेला पट्टी रिकामी,
चौथीला मी आडवी.
"खाली कर."
पण तो समोर आहे!
"म्हणूनच. भीती वाटते तेव्हाच खाली कर.
दम धरायचा असेल
तर आधी दम खावा लागतो."

मार्चमध्ये, किनाऱ्याला अजून बर्फ होता तेव्हा,
तोकुजी-सान डब्यांच्या थप्पीशेजारी खाली बसले
आणि त्यांना उठता येईना.

मे महिन्यात मी त्यांच्या घरी गेले.
टेबलावर औषधांची पाकिटं, संत्र्याच्या साली, तेच यंत्र.
उजवा हात मांडीवर ठेवलेला,
दुसऱ्या कुणाचा असावा तसा.
ढालीचं बटण त्याच हाताच्या तर्जनीखाली येतं.
दोघंही त्याबद्दल काही बोललो नाही.
मी त्यांच्या उजवीकडे सरकले,
यंत्राची एक बाजू त्यांनी धरली, एक मी.
चालणं त्यांच्याकडे. ढाल-भाला माझ्याकडे.

तीनदा मेलो.
ते पुढे जायचे तिथं मी आडोसा धरायचे,
मी वार करायचे तिथं ते वळायचे.
चौथ्यांदा मी पडद्याकडे बघणं सोडलं
आणि त्यांचा डावा अंगठा बघू लागले.
पुढे टाकायच्या आधी तो क्षणभर थबकतो.
इतकी वर्षं त्यांच्या मागे उभे असलेले
हे असे सुटत असतील.

गोंदोराचा पंजा रुतला. अंगठा थबकला.
ठिणग्या.
एक, दोन, तीन.
बाहेर भोंगा वाजला.
पुन्हा धडक. पुन्हा.
पट्टी पार तळाला, जनावर वळतंय,
माझं बोट बटणावर पांढरं पडलेलं.

जीभ अजून जड आहे त्यांची,
शब्द यायला वेळ लागतो.
"खा… ली."

मी बोट उचललं.
अंगठ्यानं दोन पावलं उजवीकडे टाकली, सावकाश.
शिंग कानाजवळून गेलं,
आणि कोपऱ्यात हिरवं
भरायला लागलं.