चार ओळी

परभणीच्या आवृत्तीत, रात्रपाळीला,
सतरा वर्षं मथळे घासतोय मी.
दोन तर हाताला इतके सवयीचे
की झोपेतही कॉलमात बसतील:
‘सेलूच्या भूमिपुत्राची गगनभरारी’
आणि ‘अभियंत्याचा हलगर्जीपणा भोवला’.

यान उडालं, की शास्त्रज्ञांनी उडवलं.
पडलं, की तांत्रिक बिघाड.
हे व्याकरण कुणी शिकवलं नाही मला,
शाईसारखं नखात बसलं.

माघात डॉ. अच्युत डासाळकर गावी आले,
दूरच्या ताऱ्यांची थरथर मोजणारे.
आमच्या फोटोग्राफरनं कॉलेजातून
सूक्ष्मदर्शक मागून आणला.
‘सर, जरा डोळा लावा ना भिंगाला.’
‘अहो, माझं काम ताऱ्यांवर आहे.’
‘असू द्या सर, वाचकाला शास्त्रज्ञ वाटलं पाहिजे.’
सर लाजत वाकले.
काचेवर एक मुंगी होती फक्त.
पान पहिलं, चार कॉलम, रंगीत.

शिवकांता बिडवेंचा फोटो आमच्याकडे एकच.
जलवाहिनीच्या खड्ड्यात, पाठमोऱ्या,
ओढणी कमरेला खोचलेली, गुडघाभर चिखल.
पाइप फुटला की तोच.
उन्हाळ्यात तोच, दिवाळीत तोच,
एकदा तर दुसऱ्याच तालुक्यातल्या पाइपाला
मी तोच लावला.
खाली ओळ: ‘संबंधित अभियंता’.
संबंधित. जणू आडनावच.

त्यांचा फोन आला होता एकदा.
‘तो व्हॉल्व्ह एकोणऐंशीचा हाय भाऊ,
माझ्या जन्माआधीचा.
बदला म्हणून सहा पत्रं दिलीत, पाठवू का?’
पाठवा म्हणालो.
पत्रं आली. त्यांच्यावर चहाचा गोल डाग
आधी एक होता, मग तीन झाले.

तर मुलाखत संपताना
डासाळकर सर म्हणाले, ‘हे मात्र लिहून घ्या.
वर्षभर माझे आकडे चुकत होते.
तारा थरथरतोय की खालचा पंप, कळेना.
मग शाळेतल्या एका मैत्रिणीला फोन केला.
ती म्हणाली, पंपाखाली रबर घाल,
सलग नको, चार कोपऱ्यांना, आणि नट अर्धा आटा सैल सोड.
दुसऱ्या रात्री तारा स्वच्छ दिसला.
शिवकांता नाव तिचं. इथंच असते, पाणीपुरवठ्यात.’

लिहून घेतलं.
टाइप केल्यावर बरोबर चार ओळी भरल्या.
साडेअकराला सराफाची जाहिरात आली,
तीही बरोबर तेवढीच.

माझा हात थबकला नाही, हे खोटं कशाला बोलू.
थबकणं नंतरचं, घरी जाताना,
पहाटे तीनला, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी.
बॅटरीच्या उजेडात दोघं जण:
एक लांब लोखंडी चावी फिरवतोय
आणि एक जण पाठमोरी.
ती पाठ मी कुठंही ओळखली असती.

मी गाडी बंद केली.
त्यांनी वळून पाहिलं. पहिल्यांदाच चेहरा दिसला,
चष्मा होता, एका काडीला दोरा गुंडाळलेला.
‘काय छापायलाव उद्या?’
‘काही नाही,’ म्हणालो, ‘आज काही फुटलं नाही.’
‘मग झोपा की,’ त्या म्हणाल्या,
आणि पुन्हा खड्ड्यात वाकल्या.

नवव्या दिवसाचं पाणी.
आधी नळातून हवा निघाली, म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखी,
मग एका घरात हंडा वाजला,
मग दुसऱ्या.