गोल बटण

सिडकोतल्या दीड खोलीत वल्लरी
घुबड होऊन दरी ओलांडते,
पलीकडे टेकता टेकता अस्वल. दार फोडायला.
"गोल बटण दाबून धर, बाबा.
सोडलंस की माणूस होतोस, आणि पडतोस."

मी अंबडहून तिसरी पाळी संपवून आलेलो,
बोटांना कूलंटचा वास.
चुकून चौकोन दाबतो, मासा होतो
भर वाळवंटात. तडफडतो.
ती पोट धरून हसते.

"असं खरंच कुणाला जमायचं का रे?"
जमायचं की. एकीला. इथून दोन कोसांवर,
पंचवटीत. हवं ते रूप घ्यायची.
"मग?"
मग नाक कापलं तिचं.
त्यावरूनच म्हणे आपल्या गावाचं नाव.

खेळ थांबतो. अस्वलाचा पंजा हवेत तसाच.
"सेव्ह केलेलं नव्हतं का तिनं?"
मी चहाचं आधण ठेवायला उठतो.

खाली घंटागाडी गाणं वाजवत जाते,
शाळेची रिक्षा यायला अजून अर्धा तास.
पडद्यावर गावाची वेस, दिवे, पहारेकरी,
आणि पाटी: आत यायचं तर माणूस व्हा.

वेशीबाहेर, बर्फात, अस्वल बसून राहतं.
वल्लरीचा अंगठा पांढरा पडलाय.
बटण ती सोडत नाही.