टेकू

खोकं मीच केलं होतं,
चुलत्याच्या मोडक्या कपाटाच्या पाठीतून,
बारा एमएमचा प्लाय, हाताला लागतील ते स्क्रू,
आणि आत बारा इंची वूफर
भुसावळच्या भंगारातून घासाघीस करून आणलेला.
इंडिकाच्या डिकीत ते मावलं, एवढाच आनंद.
सावदा ते फैजपूर
रसवंतीवाले मान वर करून बघायचे,
पण आवाज असा,
की पाण्याच्या टाकीत बसून कुणीतरी खोकतंय.

लोटन मिस्तरीला ऐकू येत नाही.
तीस वर्षं जिनिंगच्या पट्ट्याखाली काढली,
कान तिथंच सरकीत राहिले.
आता पाळणे करतो, देव्हारे,
कुणी आणलं तर तिरडीसुद्धा.

मे महिना, दुपारचे तीन,
सावलीलाही चटका होता.
मी हातवारे करून सांगितलं: वाजतं, पण फाटकं.
त्यानं खूण केली, लाव.
करवतीखालचा मूठभर भुसा
खोक्याच्या माथ्यावर पसरला
आणि दोघं वाकून बघत राहिलो.

भुसा उठला.
मधली जागा सोडून
कडेकडेनं सरकत गेला,
भांडण लागल्यावर बाजार पांगतो तसा.
मग त्यानं तळहात ठेवला,
गाभण म्हशीच्या कुशीवर ठेवतात तसा,
डोळे मिटले.
"पोट हलू राह्यलं भो याचं,"
बहिऱ्या माणसाच्या बेमाप आवाजात म्हणाला,
"अर्धा जोर तं भिंतीच खाऊ राह्यल्या.
गाण्याले काय उरते?"

मागं भंगाळ्यांचा केळीचा मळा,
घड धरलेल्या झाडाझाडाला बांबूचा टेकू.
त्यानं नुसतं तिकडं बोट केलं.

जुन्या बाजेचे दांडे निघाले, सागाचे.
मी पेन्सिलीनं मधोमध खूण केली.
थुंकी लावून त्यानं ती पुसली,
चार बोटं डावीकडे घेतली.
"बरोब्बर मधी दिलं तं
दोन्ही अर्धे एकाच सुरात रडतीन.
वाटणी असमानच पाहिजे."
(त्याचं आणि सख्ख्या भावाचं बोलणं नाही,
हे गावाला माहीत आहे.
मी काही विचारलं नाही.)

एक दांडा उभा, एक आडवा,
खाच मारून एकमेकांत बसवलेले.
कोपऱ्यांत तिकोनी ठोकळे,
फटींत फेविकॉल आणि भुसा, तोच, नाचलेला.
शिकंजा नव्हता;
बाजेचंच सुंभ गुंडाळून
काठीनं पीळ भरत गेला
खोकं कण्हेपर्यंत.

दुसऱ्या सकाळी वायर जोडली.
आता ठोका असा पडला
की छातीवर कुणी मूठ ठेवावी, फक्त एकदाच,
आणि उचलून घ्यावी.
मी खूश. पोरं जमली. कुणीतरी आवाज वाढव म्हणालं.

लोटनमामानं तळहात ठेवला.
माथ्यावर. मग बाजूला. मग पाठीवर.
"बंद केलं का?"
मी मान हलवली, नाही, चालू आहे.
आतबाहेर होणारा कागदी पडदा दाखवला.
तो बघत राहिला,
काचेपलीकडून कुणाचे हलणारे ओठ बघावेत तसा.
"मंग बरोबर जमलं," म्हणाला.
हात मात्र बराच वेळ उचलला नाही.

पैसे घेतले, मोजले,
वीस रुपये परत दिले, बाजेचे दांडे जुने म्हणून.

मी डिकी लावली, तेव्हा
मागची नंबरप्लेट खडखडायला लागली,
पत्र्याची, एका कोपऱ्याला सैल.
पोरं हसली.
खिशात पाना होता, मी वाकलोही होतो,
तेवढ्यात त्यानं दोन बोटं तिच्यावर टेकवली
आणि त्याची मान
अगदी थोडी, तालावर, हलली.

सावद्यातून जाताना
त्याच्या दुकानापुढं गाडी अजून हळू करतो.
ते दोन स्क्रू
आवळायचे राहूनच गेलेत.